लक्षात कसे राहते आणि कसे ठेवावे

एखादी गोष्ट लक्षात राहण्यासाठी तीन कामे पार पडावी लागतात. ती आधी मनात नोंदली जावी लागते, मग टिकावी लागते आणि हवी त्या वेळी सापडावी लागते. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत यांना संकेतन, साठवण आणि पुनःप्राप्ती अशी नावे आहेत. ‘हल्ली काही लक्षातच राहत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा यांपैकी नेमके कोणते काम अडले आहे, हे आधी पाहावे लागते, कारण उपाय त्यावर ठरतो. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, यात साठवणीचा काही दोष नसतो. ठेवताना लक्ष दुसरीकडे होते, म्हणून नोंदच झालेली नसते. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते, तेव्हा नोंद आणि साठवण दोन्ही शाबूत असतात. ते नाव तेवढे हाती लागत नाही. आणि परीक्षा देऊन आलेला विद्यार्थी ‘वाचलं होतं, पण आठवलं नाही’ म्हणतो, तेव्हा त्याने पहिल्या दोन कामांवर सगळा वेळ घालवलेला असतो आणि तिसऱ्याचा सराव केलेलाच नसतो. स्मरणशक्तीबद्दलचे बहुतेक गैरसमज या तिसऱ्या कामाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे आहेत.

पहिले काही क्षण

डोळ्यांसमोर आलेले सारे क्षणभर तरी टिकते. १९६० साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्पर्लिंग यांनी बारा अक्षरांचा तक्ता, चार-चार अक्षरांच्या तीन ओळी करून, सेकंदाच्या विसाव्या भागापुरता दाखवला. पाहणाऱ्यांना चार-साडेचार अक्षरेच सांगता येत. मग त्यांनी युक्ती केली. तक्ता नाहीसा होताच उंच, मधला किंवा खालचा सूर वाजवायचा आणि त्या सुराच्या ओळीतलीच अक्षरे विचारायची. आता त्या ओळीतली बहुतेक अक्षरे लोकांना सांगता येऊ लागली. कोणती ओळ विचारणार हे आधी ठाऊक नव्हते, तेव्हा जवळपास पूर्ण तक्ताच क्षणभर मनात शिल्लक होता असे म्हणावे लागते. सूर एका सेकंदाने उशिरा वाजवला की हा फायदा संपे. या क्षणभराच्या स्मृतीतून पुढे काय जायचे ते लक्ष ठरवते, आणि लक्ष एका वेळी फार थोड्या गोष्टींना पुरते.

पुढचा टप्पा अल्पकालीन स्मृतीचा. १९५९ साली लॉइड आणि मार्गारेट पीटरसन या दांपत्याने लोकांना तीन व्यंजने ऐकवली आणि लगेच एका आकड्यापासून तीन-तीन वजा करत उलटे मोजायला लावले, म्हणजे मनात घोकायला सवड मिळू नये. अठरा सेकंदांत ती तीन अक्षरे जवळपास पुसली गेली होती. मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी घोकत असताना कोणी ‘चहा टाकू का?’ एवढे विचारले तरी तो निसटतो, तो यामुळेच.

या टप्प्यावर एकाच वेळी किती गोष्टी मावतात? जॉर्ज मिलर यांनी १९५६ च्या प्रसिद्ध लेखात सात, दोन कमी किंवा दोन जास्त, असे उत्तर दिले. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये पुराव्यांची पुन्हा छाननी केली आणि घोकायला वाव नसेल तर हा आकडा चारच्या आसपास येतो असे दाखवले. पण मिलर यांच्या लेखातला कामाचा मुद्दा आकड्याचा नव्हताच. मर्यादा गठ्ठ्यांच्या संख्येला असते. गठ्ठा किती मोठा असावा याला जवळपास नसते. १८५७१९४७१९६० हे बारा अंक सुटे सुटे लक्षात ठेवणे कठीण. उठाव, स्वातंत्र्य आणि महाराष्ट्र राज्याची स्थापना अशी तीन साले त्यात दिसली की ते तीनच गठ्ठे होतात. मराठी माणूस मोबाइल नंबर सांगताना दोन-दोन आकडे जोडून ‘अठ्ठ्याण्णव, बावीस’ असा सांगतो, तेव्हा दहाच्या जागी पाचच शब्द होतात. गठ्ठे बांधायला मात्र आधीचे ज्ञान लागते. ज्याला साले ठाऊक नाहीत त्याच्यापुढे बारा अंकच राहतात. म्हणूनच ज्या विषयाची पायाभूत माहिती पक्की असते, त्यातले नवे पटकन लक्षात राहते आणि अनोळखी विषयातले पहिले प्रकरण जीव खाते.

अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये या टप्प्याला ‘कार्यरत स्मृती’ म्हटले, कारण इथे नुसती साठवण होत नाही, तोंडी हिशेबही इथेच चालतो. त्यांच्या मांडणीत शब्द-आवाजांसाठी एक विभाग, चित्र आणि जागेसाठी दुसरा, आणि दोघांवर देखरेख करणारा तिसरा आहे. एकाच विभागात दोन कामे कोंबली की दोन्ही बिघडतात. अभ्यास करताना शब्दांची गाणी लावू नयेत ती यामुळे. नुसते वाद्यसंगीत त्या मानाने कमी नडते. लांबलचक गणित किंवा अटींनी भरलेले कलम वाचताना अधले मधले उत्तर डोक्यात धरून बसण्यापेक्षा समासात लिहून मोकळे व्हावे.

सगळी स्मृती एक नव्हे

२७ वर्षांच्या हेन्री मोलेसन या अमेरिकी तरुणावर १९५३ मध्ये अपस्माराच्या तीव्र झटक्यांसाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने मेंदूच्या दोन्ही बाजूंना असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा बराचसा अंश आणि शेजारची ऊतके काढली. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बोलणे-चालणे नीट राहिले. पण नव्या घटना लक्षात राहणे थांबले. भेटून गेलेली व्यक्ती थोड्या वेळाने पुन्हा आली तर ती त्यांना नवीनच वाटे. पुढची जवळजवळ पंचावन्न वर्षे, २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते अशाच वर्तमानात जगले. शास्त्रीय लेखांत त्यांचा उल्लेख ‘एच. एम.’ एवढाच होई.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना एक काम दिले. कागदावरच्या दुहेरी रेषांच्या चांदणीच्या मधोमध पेन्सिल फिरवायची, पण हात आणि कागद फक्त आरशात पाहायचे. हे कोणालाही सुरुवातीला जमत नाही. हात उलटाच जातो. मोलेसन तीन दिवस ते करत राहिले आणि चुका कमी होत गेल्या, इतरांसारख्याच. तरीही ‘हे पूर्वी केले आहे का?’ या प्रश्नाला त्यांचे उत्तर नाही असेच होते. घडलेल्या घटनांची स्मृती आणि हाताला बसलेल्या वळणाची स्मृती मेंदूत वेगळ्या व्यवस्थांवर चालते, हे त्या चांदणीने दाखवले. प्रसंगांची स्मृती आणि नुसत्या ज्ञानाची स्मृती हा आणखी एक भेद एन्डेल टल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये केला. रायगड कुठे आहे हे माहीत असणे वेगळे आणि रायगड चढताना लागलेली धाप आठवणे वेगळे.

व्यवहारात या भेदाचा अर्थ सरळ आहे. कौशल्य वाचून येत नाही. पोहणे, टंकलेखन, तबल्याचे बोल, गाडी उलटी घेणे यांसाठी हातालाच सराव द्यावा लागतो, आणि एकदा बसलेले वळण वर्षानुवर्षे टिकते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला सकाळी कोण आले होते ते सांगता येत नाही, पण तांदूळ निवडायला दिले की बोटे सवयीने चालतात, कधी जुना अभंगही अखंड निघतो. घरच्यांनी अशा वेळी ‘हे बरं आठवतं!’ असा टोमणा मारू नये. सकाळचा पाहुणा आणि तरुणपणीचा अभंग यांची नोंद एकाच ठिकाणी नसते.

मोलेसन यांना शस्त्रक्रियेच्या बऱ्याच आधीचे बालपण मात्र आठवत होते. यावरून दिसते की घटना नोंदवायला हिप्पोकॅम्पस लागतो, पण कालांतराने ती नोंद मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्की होत जाते. या पक्केपणाला वेळ लागतो, आणि त्यातले बरेच काम झोपेत होते.

नोंद कशाने पक्की होते

‘लक्षात ठेवायचंच’ असे ठरवल्याने फारसा फरक पडत नाही. त्या गोष्टीवर मन काय करते याने पडतो. फर्गस क्रेक आणि टल्व्हिंग यांनी १९७५ मध्ये लोकांना एकेक शब्द दाखवून प्रश्न विचारले. काही शब्दांबाबत प्रश्न अक्षरांच्या ठेवणीचा, काहींबाबत यमकाचा, तर काहींबाबत अर्थाचा होता: हा शब्द अमुक वाक्यात बसेल का? नंतर अचानक चाचणी घेतली तेव्हा अर्थाचा विचार झालेले शब्द कितीतरी जास्त लक्षात होते. शब्द सगळेच पाहिलेले होते, वेळही तोच होता.

पुस्तकात पिवळ्या हायलायटरने ओळी रंगवणे हे यातल्या पहिल्या प्रकारात मोडते. डोळा आणि हात काम करतात, अर्थ बाजूला राहतो. त्यापेक्षा प्रत्येक परिच्छेदाशेजारी ‘असे का?’ किंवा ‘मग अमुक ठिकाणी असे का होत नाही?’ एवढा प्रश्न पेन्सिलीने लिहावा. गोदावरीच्या उपनद्यांची यादी पाठ करण्याआधी कोऱ्या कागदावर नदी काढावी, त्र्यंबकेश्वरापासून पूर्वेकडे नेत दारणा, प्रवरा, सिंदफणा, मांजरा उजव्या काठाला आणि पूर्णा, प्राणहिता, इंद्रावती डाव्या काठाला आणून मिळवाव्यात. यादीत एक नाव सुटले तर कळत नाही. नकाशात मराठवाड्याची एक बाजू रिकामी दिसते.

घोकंपट्टीला सरसकट नावे ठेवणे मात्र अन्यायाचे आहे. ज्या गोष्टीचा क्रम आणि शब्द न् शब्द तोच राहायला हवा, तिथे घोकणे हाच मार्ग असतो, आणि आपल्याकडे तो फार कसोशीने विकसित झालेला आहे. वेदपठणाच्या परंपरेत संहितेशिवाय पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे प्रकार आहेत. घनपाठात पहिले-दुसरे पद, मग दुसरे-पहिले, मग पहिले-दुसरे-तिसरे, मग ते तिन्ही उलटे, पुन्हा सुलटे, असे म्हणत एकेका पदाने पुढे सरकायचे असते. म्हणजे प्रत्येक पद शेजारच्या पदांशी दोन्ही दिशांनी बांधले जाते आणि एखादे निसटले तर लगेच खटकते. जुन्या पिढीतल्या परवच्यात पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी येत. दुकानदाराला पावशेराचा भाव काढायला कागद लागत नसे.

पाढ्यांची एक गंमत मात्र ध्यानात घ्यावी. लयीत पाठ झालेला पाढा लयीतच निघतो. ‘सात आठे किती?’ असे मधूनच विचारले की पोर मनात ‘सात एके सात’पासून धावत सुटते आणि धापा टाकत छप्पनवर पोचते. त्याला पाढा येतो. आठव्या पायरीवर थेट उतरता येत नाही, कारण प्रत्येक पायरीची खूण आधीची पायरी आहे. पाढा सरळ पाठ झाला की तो उलटा म्हणवून घ्यावा, मग उड्या मारत विचारावा. पाढा पाठ होऊनही गणितात अडखळणाऱ्या मुलांचे बरेचसे दुखणे एवढ्याने बरे होते.

विसरणे

विसरण्याचा पहिला पद्धतशीर हिशेब हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. प्रयोग करणारा तोच आणि प्रयोगाचा विषयही तोच. अर्थाचा आधार मिळू नये म्हणून त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि ठरावीक काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजले. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचले, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४, आणि महिनाभरानंतर २१. उतार सुरुवातीलाच कडक असतो, पुढे तो सपाट होत जातो. महिन्यानंतर एकही अक्षर आठवले नाही तरी पाचवा हिस्सा श्रम वाचतातच, म्हणजे विसरलेलेही पुरते पुसलेले नसते. शाळेत शिकलेले संस्कृत चाळिशीत पुन्हा हाती घेणाऱ्याला हा अनुभव येतो.

नुसत्या काळाने विसर पडतो असेही नाही. एकासारख्या एक गोष्टी परस्परांच्या आड येतात. एटीएमचा पिन बदलला की काही दिवस बोटे जुन्या पिनकडे वळतात. पानिपतच्या तीन लढायांची साले, १५२६, १५५६ आणि १७६१, यांतली पहिली दोन विद्यार्थ्यांकडून हमखास उलटसुलट होतात; तिसरी होत नाही, कारण ती वेगळी दिसते आणि मराठी मनात तिला आधीपासून जागा आहे. अशी सारखी दिसणारी माहिती लांब लांब ठेवून पाठ करण्यापेक्षा शेजारी मांडून तिच्यातला फरक पाहावा: पहिलीत बाबर आणि इब्राहिम लोदी, दुसरीत अकबराची फौज आणि हेमू, मध्ये तीस वर्षे.

१९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवले की पाठ केल्यावर जागे राहण्यापेक्षा झोपल्यास विसर कमी पडतो. झोपेत नव्या गोष्टींची ढवळाढवळ नसते, हा त्यांचा खुलासा होता. झोपेत मेंदू दिवसातल्या नोंदी पुन्हा चाळून पक्क्या करतो, ही भर पुढच्या संशोधनाने घातली. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचलेले सकाळी ताजे वाटते खरे, पण आधीच्या आठवड्याच्या अभ्यासाचे पक्के होणे त्यात बुडते आणि पेपर लिहिताना लक्षही टिकत नाही. सौदा तोट्याचाच.

आठवण्याचा सराव

अभ्यासाच्या पद्धतींवर झालेल्या प्रयोगांत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याला आणि पालकाला ठाऊक असावा. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक छोटा उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रातच काय तो वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा न पाहता, आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला चांगले लक्षात राहील असा भरवसा जास्त होता तो वाचणाऱ्यांनाच.

पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचे झालेले आपल्याला येते असे वाटू लागते. अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणाऱ्या स्पर्धा परीक्षांच्या कितीतरी उमेदवारांची फसगत नेमकी इथे होते. पर्यायांतून उत्तर ओळखणे एकवेळ जमते. कोऱ्या कागदावर उत्तर उभे करताना पहिल्याच वाक्याला पेन थांबते. आठवण्याचा प्रत्येक प्रयत्न ही मोजमाप करण्याची खटपट नसून शिकण्याचाच एक भाग असतो. आठवताना कष्ट पडले तर अभ्यास वाया गेला असे समजू नये. कष्टाने आणि अखेर बरोबर आठवलेले जास्त टिकते.

करायचे ते साधे आहे. एक प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटावे आणि आठवेल तितके लिहावे, अर्धवट असले तरी. मग पुस्तक उघडून सुटलेले आणि चुकलेले वेगळ्या शाईने भरावे. ही पायरी टाळली तर चूकच पक्की होण्याची भीती असते. दुसऱ्या दिवशी त्याच प्रकरणाचा कोरा कागद पुन्हा घ्यावा, नंतर आठवड्याने, नंतर तीन-चार आठवड्यांनी. लहान मुलाला धडा वाचून झाल्यावर ‘वाचलास का?’ असे विचारण्याऐवजी ‘सांग बरं काय होतं त्यात’ असे म्हणावे.

उजळणीत अंतर किती ठेवावे, याचा निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १,३०० हून अधिक लोकांवर अभ्यास केला. परीक्षा आठवड्यावर असेल तर दोन बैठकांत साधारण एका दिवसाचे अंतर सर्वांत फलदायी ठरले. माहिती वर्षभर टिकवायची असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे. एका दिवसात पाच तास रेटण्यापेक्षा तेच पाच तास पाच दिवसांत वाटले तर लाभ अधिक, हे तर एबिंगहाउसच्या काळापासून माहीत आहे. तरी ते कोणी पाळत नाही, कारण एका बैठकीत संपवल्याचे समाधान अंतराच्या उजळणीत मिळत नाही. दर वेळी आपण थोडे विसरलेलेच असतो आणि ते बोचते.

आठवण्यावर जागेचाही परिणाम होतो. डंकन गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या काही पाण्याखाली आणि काही काठावर ऐकवल्या. जिथे ऐकल्या तिथेच विचारले तर जास्त शब्द आठवले. जागा बदलली की कमी. स्वयंपाकघरातून कशासाठी तरी खोलीत जावे आणि काय हवे होते तेच आठवू नये, अशा वेळी परत स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले की आठवते, तो हाच प्रकार. विद्यार्थ्याने एकाच खुर्चीला चिकटून न बसता अधूनमधून जागा बदलावी, म्हणजे माहिती एकाच भिंतीच्या खुणेवर अवलंबून राहत नाही.

युक्त्या आणि त्यांची मर्यादा

इंद्रधनुष्याचे रंग ‘तानापिहिनिपाजा’ने पाठ केलेले मराठी माणूस म्हातारपणीही विसरत नाही. अशा युक्त्या ज्यांत आपसांत काहीच तर्क नाही अशा याद्यांना उत्तम. भाषणाचे मुद्दे लक्षात ठेवायला जागांची पद्धत वापरावी, जी प्राचीन ग्रीसमधला कवी सिमोनिदीस याच्या नावावर सांगितली जाते. आपल्या घरातून मनाने चालत जायचे: दार, चपलांचे कपाट, देवघर, ओटा, आणि एकेका जागी एकेक मुद्दा चमत्कारिक चित्राच्या रूपात ठेवायचा. चित्र जितके विक्षिप्त, तितके बरे.

या युक्त्यांनी स्मरणशक्तीच वाढते, हा दावा मात्र खरा नाही. अँडर्स एरिकसन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एका सामान्य विद्यार्थ्याची हकिगत प्रसिद्ध केली. दीड-दोन वर्षांच्या सरावानंतर तो एकदाच ऐकलेले ७९ अंक ओळीने सांगू लागला. तो धावपटू होता आणि अंकांचे गठ्ठे शर्यतींच्या वेळांत बसवत होता. अंकांऐवजी अक्षरे दिली तेव्हा तो पुन्हा सहावर आला. ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळांबद्दलही असेच म्हणता येते: माणूस त्या खेळात तरबेज होतो.

पुढे करायच्या कामांची आठवण ही वेगळीच बाब आहे. इथे माहिती विसरलेली नसते, वेळेवर सुचत नाही. ‘रात्री गोळी घ्यायची’ असे ठरवण्यापेक्षा ‘जेवण झाल्यावर ताट उचलले की गोळी घ्यायची’ असे एखाद्या ठरलेल्या कृतीला बांधून ठरवावे. उद्या न्यायची फाइल दाराच्या कडीला लावून ठेवावी. यात कमीपणा काही नाही.

आठवण बदलते

आठवताना मन जुने चित्र जसेच्या तसे काढून दाखवत नाही, ते दर वेळी नव्याने जुळवते. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या पुस्तकात हे दाखवले. इंग्रज वाचकांनी मूळ अमेरिकन लोकांची एक कथा पुन्हा पुन्हा सांगितली, तसतशी तीतली अनोळखी भुते-खेते गळली आणि कथा इंग्रजांना पटेल अशी होत गेली.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवून वेग विचारला. ‘गाड्या जोरात आदळल्या तेव्हा’ असे विचारलेल्यांनी सरासरी ताशी ४०.८ मैल सांगितला, ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’ असे विचारलेल्यांनी ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने ‘फुटलेली काच पाहिली का?’ असा प्रश्न होता. फितीत काच नव्हतीच. ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी ती पाहिल्याचे सांगितले, ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी सात जणांनी. सरतपासणीत साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारायला आपल्या पुराव्याच्या कायद्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे, ती किती शहाणपणाची आहे हे यावरून दिसते.

ठळकपणे आठवते म्हणून ते खरे, असेही नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान कोसळले. ही बातमी कुठे, कशी कळली ते अल्रिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारले, तर चौथाई जणांच्या उत्तरात पहिल्याशी काहीच जुळेना. खात्री मात्र दांडगी होती. घरात ‘तेव्हा तूच म्हणाला होतास’ यावरून होणाऱ्या भांडणांत दोन्ही बाजू बहुधा प्रामाणिक असतात. जमिनीचा व्यवहार, उसने पैसे, अपघात, डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य हे त्याच दिवशी तारीख घालून लिहावे. लहान मुलाकडून काही काढून घ्यायचे असेल तर ‘त्याने तुला मारलं ना?’ असे न विचारता ‘काय झालं ते सांग’ म्हणून थांबावे.

वय आणि आजार

वय वाढते तशी नावे सुचायला वेळ लागतो, नवे शिकायला जास्त आवृत्त्या लागतात, दोन कामे एकदम झेपत नाहीत. शब्दसंपदा आणि आयुष्यभराचे ज्ञान मात्र फारसे घटत नाही. नाव आत्ता सुचले नाही आणि तासाभराने आपोआप आले, तर काळजीचे कारण नसते. किल्ली कुठे ठेवली ते न आठवणे साधे. किल्लीचे काय करायचे तेच न उमजणे साधे नव्हे. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा विचारणे, पैशांच्या नेहमीच्या व्यवहारात गोंधळणे, हे सारे काही महिन्यांत वाढत जाणे, अशी लक्षणे असतील तर ‘वयच झालं आता’ म्हणून सोडून देऊ नये.

प्रत्येक विस्मरण अल्झायमरचे नसते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी शाकाहारी घरांत सहज आढळते, थायरॉइडची मंदावलेली ग्रंथी, नैराश्य, अपुरी किंवा घोरण्याने तुटणारी झोप, झोपेच्या आणि सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या यांनीही स्मृती मंदावते, आणि यांवर उपचार आहेत. त्यामुळे दुकानातून आणलेल्या ‘ब्रेन टॉनिक’वर महिने घालवण्यापेक्षा रक्ताची तपासणी आधी करावी. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सगळी औषधे बरोबर न्यावीत आणि घरातली एक व्यक्ती सोबत असावी. काय काय विसरले जाते ते रुग्णाला सांगता येईलच असे नाही. ते प्रसंग तारखांसह लिहिलेला कागद डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतो.